माथेरानच्या तांबड्या वाटा

मुख्य सह्याद्रीपासून तुटून एकाकी उभी राहिलेली जी डोंगररांग बावामलंगच्या सुळक्यापासून निघून चंदेरी, नाखिंड, पेब अशी चढत-उतरत दक्षिणेकडे सरकते, तिच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, माथेरान वसले आहे. पायथ्याचे नेरळ स्थानक मुंबई-पुणे लोहमार्गावर असल्यामुळे मुंबईकराला थंड हवेचे इतके जवळचे दुसरे ठिकाण नाही, आणि म्हणूनच ते एका दिवसात, किंबहुना एका दुपारीत, ‘उरकून’ टाकण्याची प्रवृत्तीही फार आहे. गाडीरस्ता जिथे संपतो त्या दस्तुरी नाक्यावर उतरावे, घोड्यावर बसावे, घोडेवाल्याने ठरवून ठेवलेल्या सात-आठ ‘पॉइंटां’वर पाच-पाच मिनिटे उभे राहावे, चिक्की आणि चपला विकत घ्याव्यात आणि सायंकाळच्या गाडीने परतावे, असा हा शिरस्ता आहे. ज्यांना वेळच नाही त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु माथेरानात पाहण्याजोगे जे आहे ते त्या पॉइंटांपेक्षा एका पॉइंटाकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या तांबड्या, सावलीच्या वाटांवर अधिक आहे, आणि त्या वाटा पायी चालल्यावाचून या डोंगराची रचना, त्याचे पाणी, त्याचे रान आणि त्याचा इतिहास यांपैकी कशाचाच उलगडा होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम डोंगराचीच गोष्ट पाहिली पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून बाहेर पडलेला लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि त्यापासून दख्खनचे पठार व सह्याद्रीचे कडे घडले, हे सर्वश्रुत आहे. पुढे पावसाने आणि नद्यांनी हे थर कोरीत-कापीत नेले. पूर्वेला उल्हास नदीचे खोरे रुंदावत गेले, दक्षिणेला पाताळगंगेचे झाले, आणि त्या दोहोंच्या तडाख्यातून जे शिल्लक राहिले त्यात ही रांग होती. म्हणून माथेरानचा माथा सपाट आणि बाजू मात्र एकदम तुटलेल्या आहेत. लाव्ह्याचे थर आडवे असल्यामुळे माथ्याला पठाराचे रूप आले, आणि त्याच थरांच्या उभ्या फुटीमुळे कड्यांना भिंतीचे. या काळ्या पाषाणावर जांभ्या दगडाचा एक जाड थर आहे. सहस्रावधी पावसाळ्यांनी पाषाणातील विरघळण्याजोगी द्रव्ये वाहून नेली, लोह आणि ॲल्युमिनियम यांची प्राणिदे (ऑक्साइडे) तेवढी मागे राहिली, आणि त्यांतील लोहामुळे माथेरानच्या मातीला तो गंजासारखा तांबडा रंग चढला. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पोटात साठवून घेतो, आणि जिथे त्याचा थर संपून खालचा अभेद्य पाषाण सुरू होतो तिथे ते पाणी झऱ्यांच्या रूपाने हळूहळू बाहेर सोडतो. एवढ्या लहान, चोहोबाजूंनी तुटलेल्या माथ्यावर एवढे दाट रान कसे तगून राहिले, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या जांभ्यात आहे.

नकाशा हाती नसला तरी या पठाराचा आराखडा ध्यानात ठेवणे कठीण नाही. मध्यभागी दक्षिणोत्तर पसरलेला दोन-अडीच मैलांचा मुख्य डोंगर. त्याच्या उत्तर टोकाला हार्ट पॉइंट आणि दक्षिण टोकाला चौक पॉइंट. त्याच्या दोन्ही अंगांना, अरुंद खिंडींनी जोडलेल्या, दोन उपशाखा आहेत. पूर्वेकडच्या शाखेच्या उत्तरेला पॅनोरमा आणि दक्षिणेकडे गारबट. पश्चिमेकडच्या शाखेच्या उत्तरेला पॉर्क्युपाइन, ज्याला आता सर्वजण सनसेट पॉइंट म्हणतात, आणि दक्षिणेला लुईसा. बाकीचे अलेक्झांडर, रामबाग, एको, लॉर्ड, मालंग इत्यादी पॉइंट म्हणजे या तीन धारांच्या काठांवर जिथे जिथे डोंगराने सोंड पुढे काढली आहे ती ठिकाणे होत. एकदा हे मनात बसले की पाटी नसलेल्या फाट्यावरही आपण कोणत्या शाखेवर आहोत आणि कोणत्या दिशेस तोंड करून चाललो आहोत, हे चालणाऱ्यास उमगू लागते. तेव्हापासून माथेरानात भटकण्याची खरी गोडी सुरू होते.

या डोंगराचा इंग्रजी अमदानीतील इतिहास मे १८५० पासून सुरू होतो. ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा जिल्ह्याच्या फिरतीवर असता दक्षिण पायथ्याच्या चौक गावी त्याचा मुक्काम होता, आणि तेथून तो वन ट्री हिलजवळच्या घळीने या माथ्यावर चढून गेला. उन्हाळ्याच्या ऐन भरात वरची हवा आणि झाडी पाहून तो इतका प्रसन्न झाला की त्याच वर्षी पुन्हा येऊन त्याने वाटा पाडण्याची आणि घर बांधण्याची तजवीज केली. १८५५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येथे आला, त्याने आपल्यासाठी बंगल्याची जागा मुक्रर केली, आणि सरकारी मेहेरनजर झाल्यावर मुंबईच्या इंग्रज अधिकाऱ्यांपाठोपाठ पारशी, बोहरी, गुजराती धनिकांचे बंगले उठू लागले. मॅलेटने माथेरान ‘शोधले’ असे सर्रास लिहिले जाते. ते विधान एका मर्यादेतच खरे मानावे लागेल. ठाकूर, कातकरी आणि धनगर यांचा या रानाशी संबंध कलेक्टरच्या फिरतीहून कितीतरी जुना आहे. ज्या घळींतून साहेब वर चढला त्या घळींतील वाटा या लोकांच्या पावलांनीच पडल्या होत्या, आणि वन ट्री हिलपाशी दक्षिणेकडे उतरणारी जी अवघड वाट ‘शिवाजीची शिडी’ म्हणून ओळखली जाते तिने पायथ्याच्या वाड्यांतील माणसे आजही ये-जा करतात.

मॅलेटनंतर पन्नासएक वर्षे माथेरानला पोचणे म्हणजे नेरळहून घोड्यावर, पालखीत, खुर्चीत बसून किंवा पायी चढणे. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी नेरळ ते माथेरान रेल्वे बांधण्याचे मनावर घेतले आणि पित्याच्या पैशाने ते तडीस नेले, त्याला सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि मार्च १९०७ मध्ये गाडी धावू लागली. सरळ रस्त्याने जे अंतर आठ-नऊ किलोमीटरांत कापता येते त्यासाठी या लोहमार्गाला सुमारे २० किलोमीटर वळसे घ्यावे लागतात, कारण चढ कुठेही विसास एक यापेक्षा तीव्र होऊ द्यायचा नाही, हा नियम बांधणाऱ्यांनी पाळला. दोन रुळांमधील अंतर अवघे दोन फूट. त्यावर धावणारी जी इंजिने जर्मनीतील ओरेनश्टाइन आणि कोपेल या कारखान्यातून आणली होती त्यांची रचना पाहण्याजोगी होती. त्यांचे आस असे बनवले होते की वळणावर पुढची आणि मागची चाके किंचित बाजूस सरकून रुळाचा बाक स्वीकारीत, आणि मधली जोडी सरळ रेषेत राहून ओढण्याचे काम करीत असे. ही व्यवस्था नसती तर त्या आखूड वळणांवर चाकांनी रूळ कापून काढले असते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानके घेत ही गाडी वर येते. वाफेच्या इंजिनांची जागा डिझेलने घेऊन पुष्कळ काळ लोटला. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि तो पूर्ववत व्हायला २००७ उजाडले. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो, तेव्हा अमन लॉज ते माथेरान एवढ्याच टप्प्यावर गाडी फिरते.

चाकाचा विषय निघालाच आहे तर येथल्या मोटारबंदीविषयी लिहिले पाहिजे, कारण या गावाचे सारे वेगळेपण तिच्यावर उभे आहे. नेरळहून येणारा गाडीरस्ता दस्तुरी नाक्यावर संपतो. त्यापुढे रुग्णवाहिकेसारख्या अत्यावश्यक वाहनांखेरीज मोटार नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र शासनाच्या पर्यावरण मंत्रालयाने माथेरान आणि भोवतालचा मिळून सुमारे २१४ चौरस किलोमीटर मुलूख पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, आणि जी गोष्ट आजवर रूढीने व स्थानिक नियमाने चालत आली होती तिला कायद्याचे पाठबळ मिळाले. या बंदीची किंमत मात्र पाहुण्यांनी फारशी मोजली नाही, ती येथल्या कष्टकऱ्यांनी मोजली. गॅसच्या टाक्या, सिमेंट, भाजीपाला, पाहुण्यांच्या पेट्या हे सर्व दस्तुरीपासून घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर किंवा हमालाच्या डोक्यावर येते. वृद्धांना आणि आजाऱ्यांना नेणारी हातरिक्षा पुढे एकजण ओढतो आणि चढावर मागून दोघे रेटतात. उताराला तेच दोघे टाचा मातीत रोवून तिला आवरतात. पोटासाठी माणसाने माणसाला असे ओढावे, हे दृश्य कोणत्याही सुसंस्कृत मनाला बोचणारे आहे. २०२२ च्या अखेरीस विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत बंद करण्याचा व चालकांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. ज्यांनी आयुष्यभर ती रिक्षा ओढली त्यांच्याच हाती विजेची रिक्षा यावी, यापरते न्याय्य काही नाही. आणि विजेची रिक्षा ही मोटारीला आत आणण्याची पहिली पायरी ठरू नये, याची दक्षता घेणेही तितकेच आवश्यक आहे.

आता प्रत्यक्ष वाटांकडे वळू. ज्यास एकच दिवस आहे त्याने पश्चिमेचा काठ धरावा, असा सल्ला मी निःशंकपणे देईन. बाजारपेठ ओलांडून दक्षिणेकडे निघाले की लॉर्ड पॉइंटवरून झाडीतून उतरत शार्लोट तलावापाशी जाता येते. हा तलाव मनुष्यनिर्मित आहे. एका ओढ्याला बांध घालून तो केला, आणि गावाला पिण्याचे पाणी दीर्घकाळ यानेच पुरवले. पुढे वस्ती आणि पाहुणे वाढले तेव्हा उल्हास नदीचे पाणी पायथ्यापासून पंपाने वर चढवावे लागले. तलावाच्या काठीच पिसारनाथाचे मंदिर आहे. हे माथेरानचे ग्रामदैवत, आणि बंगले व हॉटेले यांच्या आधीचे जे माथेरान होते त्याच्याशी नाते राखून असलेले एक दाट सावलीचे ठिकाण. पावसाळ्यात तलाव भरला की बांधावरून ओसंडणारे पाणी कड्यावरून खाली कोसळते. बांध ओलांडून वाट एको पॉइंटवर येते. तेथे समोरचा कडा पुरेसा उभा आणि पुरेशा अंतरावर असल्यामुळे हाक स्पष्ट परतते. तेथून पुढे रान विरळ होत जाऊन लुईसा पॉइंटचा उघडा सडा लागतो.

लुईसावर मात्र घाई करू नये. पश्चिमेला, मध्ये खोल दरी ठेवून, प्रबळगडाचा विस्तीर्ण माथा समोर येतो. त्याचे जुने नाव मुरंजन. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले मोगलांच्या हवाली करावे लागले त्यांत हाही होता. गडाची तटबंदी जवळजवळ डोंगरानेच बांधून दिली आहे, ही गोष्ट येथून जितकी स्पष्ट दिसते तितकी प्रत्यक्ष गडावर उभे राहूनही कळत नाही. या दोन डोंगरांचे थर नीट निरखावेत. माथेरानच्या कड्यावर जेवढ्या उंचीवर एक काळा पट्टा आडवा जातो, साधारण तेवढ्याच उंचीवर तो प्रबळच्या अंगावरही पुढे चालू होतो. एकेकाळी मध्ये दरी नव्हती, हे दोन्ही माथे एकाच पठाराचे भाग होते, आणि मधला सगळा भाग पाण्याने नेला, हे भूशास्त्राचे वाक्य येथे डोळ्यांनी वाचता येते. लुईसाहून पश्चिम काठानेच उत्तरेकडे सरकत राहिल्यास दिवस कलताना माणूस पॉर्क्युपाइनवर पोचतो, आणि त्या वेळेला सूर्य प्रबळच्या बाजूला झुकलेला असतो. दिवसभराच्या चालण्याचा हा क्रम निसर्गानेच लावून दिला आहे असे वाटते.

पूर्वेची वाट अधिक एकाकी आहे आणि म्हणून सकाळची आहे. पॅनोरमा पॉइंट गावापासून लांब असल्यामुळे घोडेवाल्यांचे पाहुणेही तेथे कमीच जातात. येथे जवळजवळ तिन्ही बाजू मोकळ्या. उत्तरेला पेबचा किल्ला, ज्याला विकटगड असेही म्हणतात, खाली नेरळची भातखाचरे आणि लोहमार्ग, आणि पूर्वेकडे उल्हासच्या खोऱ्यापलीकडे भीमाशंकराच्या बाजूची सह्याद्रीची मुख्य भिंत. त्याच भिंतीच्या अंगाला सिद्धगड आहे, आणि माथेरानच्या एका सुपुत्राची कथा त्याच्याशी जोडलेली आहे. माथेरानात, एका नाभिक कुटुंबात, १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, सावकारीने गांजलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठी उघडली, आणि १९४२ च्या आंदोलनात ‘आझाद दस्ता’ उभारून मुंबईकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. ज्या गावाची कितीतरी स्थळे आजही इंग्रजी नावांनी ओळखली जातात त्या गावाच्या या सुपुत्राची कथा पाहुण्यांच्या कानी फारशी जात नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

या सर्व वाटांवर डोक्यावर जे छत्र असते ते जांभूळ, आंबा, हिरडा, पिसा आणि अंजनी यांचे. त्यांत अंजनीकडे विशेष लक्ष द्यावे. एरवी ती काळपट, चिवट पानांची, कोणाच्या नजरेत न भरणारी झाडी आहे; परंतु उन्हाळा तोंडावर आला की तिच्या पाने नसलेल्या जुन्या फांद्यांवरच निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे गुच्छ असे लगडतात की सालीलाच फुले आली असावीत. फूल बोटाच्या पेरावर मावेल एवढेसे. तळाशी एक लहानशी वाटी आणि तिच्यातून बाहेर डोकावणारे निळे केसर. उतारांवर कारवी माजते. ती सात-आठ वर्षांतून एकदाच सार्वत्रिक फुलते आणि बी धरून वाळून जाते. उंच फांदीच्या टोकाला पानाकाटक्यांचा एक मोठा चेंडू अडकलेला दिसला तर ते शेकरूचे घरटे समजावे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली ही मोठी खार एकाच परिसरात अशी अनेक घरटी बांधते, आणि ती बारीक फांद्यांच्या शेंड्यावर मुद्दाम बांधते, कारण तिथपर्यंत शिकारी जनावराचे वजन पेलले जात नाही. ती जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेतच तिचा सगळा संचार चालतो. म्हणजे वाटेवरचे छत्र जिथे तुटले तिथे शेकरूचा रस्ता तुटला. माकडांना खाऊ घालण्याची खोड पाहुण्यांनी लावली आणि आता तीच माकडे हातातल्या पिशव्या हिसकावतात, याचा दोष जनावरांकडे मुळीच जात नाही.

शेवटी मातीविषयी. जांभ्याची माती कोरडी असताना तिचा बारीक भुगा होतो, घोड्यांच्या नालांनी आणि हजारो पावलांनी तो सुटा होतो, आणि जूनच्या पहिल्या सरींबरोबर दरीत वाहून जातो. बऱ्याच वाटांच्या कडेला झाडांची मुळे हात-दीड हात उघडी पडलेली दिसतात. तेवढ्या उंचीवर पूर्वी वाट होती, असा त्याचा सरळ अर्थ आहे. ही धूप रोखण्यासाठी मुख्य रस्त्यावर ठोकळे बसवण्यात आले, त्यावर घोडे घसरतात अशी घोडेवाल्यांची तक्रार झाली, आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. माझ्या मते गर्दीच्या मुख्य रस्त्याला कठीण पृष्ठभाग देणे अपरिहार्य असेल, परंतु आतल्या वाटांना ते औषध लागू पडणार नाही. तेथे पाण्याचा लोट वाटेवरून धावूच नये अशी व्यवस्था हवी. ठराविक अंतरावर दगडांच्या आडव्या ओळी घालून पाणी बाजूच्या रानात वळवणे, पालापाचोळा झाडून न काढता तसाच राहू देणे, आणि चालणाऱ्यांनी नव्या आडवाटा न पाडणे एवढे झाले तरी पुष्कळ माती जागेवर राहील. जुन्या वाटा ज्यांनी आखल्या त्यांनी चढ सौम्य ठेवून त्या डोंगराच्या अंगाने फिरवल्या होत्या, यामागेही पाण्याचा वेग वाढू न देण्याचाच विचार असला पाहिजे.

चालण्यास उत्तम काळ म्हणजे पाऊस ओसरल्यापासून माघाच्या थंडीपर्यंतचा. पावसाळ्यात धुक्यामुळे कड्याची कड दिसत नाही आणि शेवाळलेला जांभा पायाखालून निसटतो, तेव्हा काठांच्या वाटा माहितगार सोबत असल्याशिवाय टाळाव्यात. ज्यांचे पाय तयार आहेत त्यांनी निदान एकदा परतीची गाडी सोडून द्यावी आणि गारबटच्या सोंडेने उतरावे. पठाराचा हिरवा सडा ओलांडून, ठाकरांच्या वाडीवरून ही वाट खाली भिवपुरी रोड स्थानकाकडे जाते आणि तेथे कर्जतहून मुंबईकडे जाणारी लोकल मिळते. सकाळी लवकर निघाल्यास ऊन चढण्यापूर्वी फलाटावर पोचता येते.